ओळखीने नोकरी मिळते, पण पगार?

शिल्पनिदेशक_मराठवाडा

नमस्कार. मी मराठवाड्यातील एका औद्योगिक प्रशिक्षण संस्थेत फिटर आणि वेल्डर या व्यवसायांचे शिक्षण देतो. आमच्याकडून बाहेर पडणारी मुले मुख्यतः वाळूज, रांजणगाव किंवा चाकणला जातात, आणि त्यांतील बहुतेक जण कोणाच्या ना कोणाच्या ओळखीने जातात. कोणाचा मामा ठेकेदाराकडे सुपरवायझर असतो, कोणाच्या गावातील मुलगा आधीच तेथे कॉट बेसिसवर राहत असतो, आणि कंपनीच्या फाटकापर्यंत पोहोचण्याचा मार्ग तोच दाखवतो.

ओळखीशिवाय काम मिळत नाही, ही तक्रार मला नवी नाही आणि तिच्यावर चर्चा व्हावी असा माझा हेतूही नाही. मला पडलेला प्रश्न वेतनाचा आहे. ओळखीने लागलेल्या मुलांच्या पगाराला मला एकच एक दिशा दिसत नाही. काही मुले दोन वर्षांत कायम होतात. काही मात्र त्याच ठेकेदाराकडे त्याच मजुरीवर राहतात आणि शेजारच्या कंपनीत जास्त पैसे मिळत असल्याचे माहीत असूनही "मामांचा शब्द जाईल" म्हणून अर्ज करत नाहीत. मेळाव्यातून थेट निवड झालेल्या मुलाला असे कोणतेही बंधन नसते, परंतु त्याला पहिले काम मिळायलाच जास्त वेळ लागतो.

आपल्यासारख्या देशांमध्ये नातेवाईक, गाववाले आणि जातभाई यांच्या जाळ्याचा पगारावर नेमका काय परिणाम होतो, याचा कोणी पद्धतशीर अभ्यास केला आहे का? मुलांना सल्ला देताना "चांगली ओळख" आणि "अडकवणारी ओळख" यांत फरक कसा करावा, हे मला समजून घ्यायचे आहे.

अर्थवेध

आपल्या प्रश्नातच अर्धे उत्तर आहे. ओळखीमुळे काम लवकर मिळते, हे निरनिराळ्या देशांत पुन्हा पुन्हा दिसून आले आहे. पगाराचे गणित मात्र शिफारस करणाऱ्या माणसाने स्वतःचे काय पणाला लावले आहे, यावर ठरते.

बांगलादेशातील तयार कपड्यांच्या कारखान्यांवर रेचेल हीथ या अर्थशास्त्रज्ञ बाईंचा २०१८ साली प्रसिद्ध झालेला अभ्यास या बाबतीत फार उद्बोधक आहे. नव्या कामगाराचे वेतन आधीच किमान पातळीवर असते, त्यामुळे त्याने कामात कुचराई केली तरी मालकाला त्याचे वेतन आणखी कापता येत नाही. मग मालक त्याला आणणाऱ्या जुन्या कामगाराला जबाबदार धरतो. शिफारस करणारा प्रत्यक्षात जामीन राहतो, आणि नव्या माणसाच्या कामाचे बरेवाईट पडसाद त्या जामिनाच्या पगारात उमटतात. आपल्या विद्यार्थ्याच्या "मामांचा शब्द जाईल" या वाक्यात भावना असेलच, परंतु तिच्या मागे असा रोकडा व्यवहारही असू शकतो. मामाची बढती खरोखरच भाच्याच्या हजेरीवर अवलंबून असू शकते.

दुसरा अभ्यास कोलकात्याचा आहे आणि तो लोरी बीमन व जेरेमी मॅग्रूडर यांनी केला. त्यांनी काही पुरुषांना एका मोजता येण्याजोग्या कामासाठी बोलावले आणि नंतर त्यांना आणखी एक माणूस घेऊन येण्यास सांगितले. काहींना त्याबद्दल ठरावीक रक्कम देऊ केली, तर काहींची रक्कम आणलेला माणूस कसे काम करतो यावर ठेवली. ठरावीक रक्कम मिळणार असेल तेव्हा लोक नातेवाइकांना आणण्याकडे झुकत. कामगिरीवर पैसे अवलंबून असतील तेव्हा नातेवाईक मागे पडत आणि सहकारी पुढे येत. त्यातही जे स्वतः कामात हुशार होते त्यांनाच हुशार माणूस ओळखता आला. बाकीच्यांना पैशाचा मोह दाखवूनही ते साधले नाही. ज्याच्या शिफारशीवर त्याचे स्वतःचे काही अवलंबून नाही, तो घरचे ऋण फेडतो. ज्याचे काही अवलंबून आहे, तो माणूस पारखतो. दुसऱ्या प्रकारच्या शिफारशीलाच मालकाच्या लेखी किंमत असते आणि ती किंमत पगारात दिसण्याची शक्यता असते.

ओळख किती जुनी आहे, हेही पाहावे लागते. कैवन मुन्शी यांनी मेक्सिकोतून अमेरिकेत जाणाऱ्या मजुरांचा अभ्यास २००३ साली प्रसिद्ध केला. ज्या गावांचे लोक तेथे बऱ्याच वर्षांपासून स्थिरावले होते, त्या गावांतून जाणाऱ्याला काम मिळण्याची शक्यता अधिक होती, आणि शेतीबाहेरचे, अधिक पगाराचे काम मिळण्याची शक्यताही अधिक होती. अमेरिकेत वसवलेल्या निर्वासितांबाबत बीमन यांना याचीच दुसरी बाजू दिसली. आधी येऊन स्थिरावलेले देशबांधव नव्या माणसाला उपयोगी पडत, परंतु त्याच वर्षी किंवा जेमतेम वर्षभर आधी आलेले बांधव त्याच मोजक्या कामांसाठी त्याचे स्पर्धक ठरत. म्हणून आपल्या विद्यार्थ्याने आपल्याच तुकडीतील मित्राच्या मागे जाण्यापेक्षा पाच-सहा वर्षांपूर्वी बाहेर पडलेल्या माजी विद्यार्थ्याला गाठणे शहाणपणाचे, असे मी म्हणेन.

लालबागकर

वरील विवेचन उत्तम आहे, परंतु हे सारे मुंबईने शंभर वर्षांपूर्वी मोठ्या प्रमाणावर अनुभवले आहे आणि त्याची आठवण येथे व्हायला हवी.

मुंबईतील कापड गिरण्यांची सुरुवात १८५४ साली स्थापन झालेल्या कावसजी दावर यांच्या गिरणीपासून मानली जाते. पुढे गिरण्या वाढल्या तशी कोकणातून आणि घाटावरून माणसे येत गेली, आणि त्यांना कामावर घेण्याचे काम मालकाने जॉबरकडे सोपवले. जॉबर म्हणजे खात्यावरचा मुकादम. तोच माणूस घेई, तोच काढी, सांचा, म्हणजे यंत्र, बिघडला तर तोच दुरुस्त करवी, आणि पुष्कळदा कामगाराला खोली व उसने पैसेही तोच मिळवून देई. साहजिकच तो आपल्या गावची, आपल्या नात्यातली, आपल्या जातीची माणसे आधी भरत असे. कामगाराला या ओळखीची किंमत दस्तुरीच्या रूपाने मोजावी लागे. काम लागताना पैसे द्यायचे, आणि गैरहजर कामगाराच्या जागी बदली म्हणून रोज फाटकाशी उभे राहणाऱ्याने तर आजचा दिवस मिळावा म्हणूनही जॉबरला खूश ठेवायचे. कामगारांच्या स्थितीची चौकशी करण्यासाठी १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१ च्या अहवालात या लाचखोरीवर स्पष्ट बोट ठेवले आणि कामगार नेमण्याचा अधिकार जॉबरकडून काढून घेण्याची शिफारस केली. पाठोपाठ १९३५ मध्ये बदली कामगारांच्या नोंदणीची पद्धत सुरू झाली. पगाराच्या पत्रकावर दोन कामगारांची मजुरी सारखी दिसली तरी दस्तुरी वजा जाता हातात पडणारी रक्कम सारखी नसे. ओळखीचा पगारावर होणारा परिणाम मोजणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावे, कारण चाकणच्या ठेकेदाराच्या कमिशनची गोष्टही याहून फारशी निराळी नसावी.

परंतु येथे एक गोष्ट राहून जाते आणि ती मला जास्त महत्त्वाची वाटते. याच जाळ्याने मजुरी टिकवूनही धरली. १९२८ च्या सार्वत्रिक संपात सुमारे दीड लाख कामगार जवळपास सहा महिने बाहेर राहिले. कमी माणसांकडून जास्त सांचे चालवून घेण्याची योजना आणि त्यातून होणारी मजुरीतील घट, हा त्या संपाच्या मुळाशी असलेला वाद होता. सहा महिने पगाराविना एवढी माणसे कशी तगली? ज्यांचे गावी घर आणि शेतीचा तुकडा होता ते गावी गेले. जे मुंबईत राहिले त्यांना गावकीच्या खोलीचा, उधारीवर धान्य देणाऱ्या वाण्याचा आणि खानावळवालीचा आधार होता. एकेकट्या, थेट निवडल्या गेलेल्या कामगाराला हे साधले नसते. ओळख माणसाला एका मुकादमाशी बांधते हे खरे, परंतु तीच ओळख शंभर माणसांना एकमेकांशीही बांधते, आणि मालकाशी पगाराची बोलणी करताना दुसरी गाठ कामी येते. अर्थशास्त्रज्ञ एका व्यक्तीचा पगार मोजतात, म्हणून ही बाजू त्यांच्या कोष्टकांत फारशी येत नाही, असे माझे मत आहे.

त्या जाळ्याचा काच मात्र मी नाकारणार नाही. विणाई खात्यात मजुरी चांगली होती, आणि त्या खात्यात अस्पृश्य मानल्या गेलेल्या कामगारांना प्रवेश नव्हता. मागावर आडवे सूत नेणाऱ्या धोट्यातून सूत ओढून घेताना तोंड लावावे लागे, म्हणून सवर्ण विणकर विटाळाचे कारण पुढे करीत. १९२८ च्या संपाच्या काळात डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी हा प्रश्न उघडपणे मांडला. एकाच गिरणीत, एकाच छपराखाली, कोणत्या जाळ्यात जन्म झाला यावर खाते ठरत होते आणि खात्यावर मजुरी ठरत होती.

दुसरा काच नंतरच्या पिढीला लागला. मुन्शी यांनी मार्क रोझेन्झवाइग यांच्यासह दादर परिसरातील शाळांत १९८२ ते २००१ या काळात दाखल झालेल्या सुमारे ४,९०० विद्यार्थ्यांच्या मराठी भाषक कुटुंबांची पाहणी केली. तिचे निष्कर्ष २००६ साली प्रसिद्ध झाले. नव्वदच्या दशकात आर्थिक धोरण बदलले आणि इंग्रजी येणाऱ्याला कचेरीतील नोकऱ्यांत मिळणारा मोबदला झपाट्याने वाढला. तरीही ज्या जातींची पुरुषमंडळी पिढ्यानपिढ्या एकमेकांच्या शब्दावर कारखान्यात आणि गोदीत लागत आली होती, त्या घरांतील मुलगे मराठी माध्यमातच जात राहिले, कारण बापाच्या ओळखीने मिळणाऱ्या कामाला इंग्रजीची गरज नव्हती. त्याच घरांतील मुलींना अशी कोणतीही ओळख वारशाने मिळालेली नव्हती. त्या इंग्रजी माध्यमाकडे वळल्या आणि वरच्या मानल्या जाणाऱ्या जातींच्या मुलींशी असलेले अंतर भरून काढू लागल्या. ज्यांना जाळे नव्हते त्या पुढे सरकल्या आणि ज्यांना होते ते मागे राहिले. मराठी माध्यमावर माझा रोष नाही, मी स्वतः त्यातच शिकलो. येथे मुद्दा एवढाच की ओळखीने मिळणारे काम मुलाला कोणते शिक्षण घ्यावेसे वाटेल हेही ठरवून टाकते.

शिल्पनिदेशक_मराठवाडा

दोघांचेही मनापासून आभार. दादरचा अभ्यास वाचून एक गोष्ट मात्र मला खटकली. मुलींना ओळख नव्हती म्हणून त्यांचे भले झाले, हे आमच्या संस्थेतील मुलींच्या बाबतीत मला लागू पडताना दिसत नाही. आमच्याकडे वायरमन आणि इलेक्ट्रिशियन या व्यवसायांत आता मुली येतात. परीक्षेत त्या मुलांच्या बरोबरीने किंवा पुढे असतात. परंतु त्यांना कंपनीपर्यंत नेणारा मामा नाही, आणि कॉट बेसिसवर राहणाऱ्या मुलांच्या खोलीत मिळणारी "उद्या अमुक ठिकाणी भरती आहे" ही बातमी त्यांच्यापर्यंत पोहोचतच नाही.

वाचक_नाशिक

आपली शंका रास्त आहे. दादरच्या मुलींसमोर इंग्रजी शाळेचा दुसरा दरवाजा उघडा होता. ज्या कामाचा दरवाजा ओळखीनेच उघडतो त्या कामात मुलगी बाहेरच राहते, आणि कारखान्यातील तांत्रिक काम हे त्याच प्रकारचे आहे.

आफ्रिकेतील मलावी या देशात बीमन आणि मॅग्रूडर यांनी नियाल केलेहर यांच्यासह एका खऱ्याखुऱ्या नोकरभरतीत हा प्रश्न तपासला. आलेल्या उमेदवारांना शिफारस करण्यास सांगितले, तेव्हा पुरुषांनी प्रामुख्याने पुरुषांचीच नावे सुचवली. त्यांच्या ओळखीत पात्र स्त्रिया नव्हत्या असे नाही. स्त्रीचेच नाव सुचवा असे सांगितल्यावर त्यांना तितक्याच पात्र स्त्रिया सापडल्या. आपण होऊन मात्र ती नावे त्यांना सुचली नाहीत. दक्षिण आफ्रिकेत मॅग्रूडर यांना असे आढळले की वडील जवळ असतील तर मुलाला काम मिळण्याची शक्यता सुमारे एक तृतीयांशाने वाढते. मुलीला वडिलांचा असा फायदा होत नाही आणि आईच्या ओळखीचा तर दोघांनाही होत नाही. घरातील ओळख ही वारशाने उतरणारी मालमत्ता मानली, तर तिची वाटणी अजून जुन्याच कायद्याने चालू आहे.

ओळख नसणाऱ्यांसाठी जाहिरात वाचून अर्ज करण्याचा सरळ मार्ग आहे, असे कोणी म्हणेल. सुखदेव थोरात आणि पॉल अ‍ॅटवेल यांनी इंग्रजी वर्तमानपत्रांतील खासगी नोकऱ्यांच्या जाहिरातींना सारख्याच पात्रतेचे अर्ज पाठवून पाहिले. अर्जांत फरक होता तो फक्त आडनावांचा आणि नावांचा. दलित किंवा मुसलमान वाटणाऱ्या नावाला बोलावणे येण्याची शक्यता उच्चवर्णीय वाटणाऱ्या नावापेक्षा स्पष्टपणे कमी निघाली. त्यांचा हा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. म्हणजे सरळ म्हटला जाणारा मार्गही काहींसाठी चढाचा आहे, आणि म्हणूनच माणसे आपल्या माणसांच्या ओळखीला धरून राहतात. त्यांना संकुचित म्हणणे मला पटत नाही.

लालबागकरांनी खानावळवालीचा उल्लेख केला, त्याला एक पुस्ती जोडते. गिरणगावात कामगारांना जेवण घालणाऱ्या बायका वर्षानुवर्षे सावकाराच्या व्याजात अडकलेल्या होत्या. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ सुरू केले. बायकांचे गट करून, एकमेकींच्या हमीवर त्यांना राष्ट्रीयीकृत बँकेचे कर्ज मिळवून दिले. पुरुषांच्या जाळ्याच्या कडेला राहिलेल्या बायकांनी स्वतःचे जाळे जाणीवपूर्वक विणले. आपल्या संस्थेतून आधी बाहेर पडलेल्या मुलींची यादी आणि त्यांचे आजचे पत्ते संस्थेकडे आहेत का? मामाची जागा घेऊ शकेल असे माझ्या नजरेत तेवढेच आहे.

चाकण_एचआर

मी एका सुट्या भागांच्या कारखान्यात मनुष्यबळ विभागात काम करतो, म्हणून टेबलाच्या पलीकडची बाजू सांगतो.

आम्ही कामगारांना माणसे आणायला सांगतो यात कोणावर उपकार करण्याचा हेतू नसतो. दहावी आणि आयटीआयच्या गुणपत्रिकेवरून मुलगा रात्रपाळीला टिकेल का, सणाला गावी गेला तर परत येईल का, हे कळत नाही. ते त्याच्या गावच्या जुन्या कामगाराला माहीत असते. त्या माहितीसाठी आम्ही त्याला बक्षीसही देतो, आणि आणलेला माणूस काही महिने टिकल्यावरच ते हातात पडते. कोलकात्याच्या प्रयोगातील दुसऱ्या गटासारखीच ही पद्धत आहे, हे वर वाचून ध्यानात आले. ठेकेदाराकडे मात्र बहुधा नगावर हिशेब असतो. किती माणसे पुरवली यावर त्याचे उत्पन्न ठरते, त्यामुळे माणूस कसा आहे यापेक्षा तो दुसरीकडे जाऊ नये याचीच त्याला काळजी. शिल्पनिदेशकांनी विचारलेला "चांगली" आणि "अडकवणारी" यांतील फरक मी येथे पाहतो. शिफारस करणाऱ्याला मुलाच्या प्रगतीतून काही मिळते की त्याच्या जागेवर खिळून राहण्यातून, हे आधी विचारावे. कंपनीच्या हजेरीपटावर असलेल्या मामाला बहुधा पहिले लागू पडते, ठेकेदाराच्या हजेरीपटावर असलेल्या मामाला बहुधा दुसरे.

मुलांच्या हाती आणखी एक साधन असते आणि ते जवळजवळ कोणीच वापरत नाही. दक्षिण आफ्रिकेत मार्टिन एबेल, रुलोफ बर्गर आणि पॅट्रिझिओ पिराइनो यांनी बेरोजगार तरुणांना आधीच्या मालकाचे शिफारसपत्र मिळवून अर्जासोबत जोडायला लावले. अशा पत्रासह गेलेल्या अर्जांना बोलावणे येण्याचे प्रमाण सुमारे ६० टक्क्यांनी वाढले, आणि प्रत्यक्ष नोकरी मिळण्यात सर्वाधिक लाभ स्त्रियांचा झाला. इथिओपियाच्या राजधानीत, अदिस अबाबात, तरुणांना अर्ज कसा करावा, मुलाखत कशी द्यावी आणि आपले कौशल्य प्रमाणपत्राने कसे दाखवावे याची थोडक्या दिवसांची कार्यशाळा दिली होती. तिचा परिणाम चार वर्षांनंतरही कमाईत दिसत होता. मालकाला जी माहिती ओळखीतून मिळते ती कागदातून मिळाली, तर ओळख नसलेल्यालाही दार उघडते, असा या दोन्हींचा अर्थ मी घेतो.

आमच्या टेबलावर येणाऱ्या अर्जांत अनुभव लिहिलेला असतो, पण त्याचा दाखला क्वचितच असतो. ठेकेदाराकडे दोन वर्षे सीएनसी (संगणकावर चालणारे) यंत्र चालवलेला मुलगा "हेल्पर" म्हणून नोंदलेला असतो आणि आम्हालाही त्याला हेल्परच्याच दराने घेणे सोयीचे जाते, हे मी लपवत नाही. म्हणून आपल्या विद्यार्थ्यांना तीन कागद सांभाळायला सांगा. शिकाऊ उमेदवारीचे प्रमाणपत्र, दर महिन्याची वेतनचिठ्ठी आणि भविष्यनिर्वाह निधीचा यूएएन क्रमांक. काम सोडताना सुपरवायझरकडून कोणत्या यंत्रावर किती काळ काम केले हे लिहून घ्या, त्याचा फोन क्रमांक त्याच्या परवानगीने त्यावर टाका, आणि हे काम सोडण्याच्या दिवशी नव्हे, तर संबंध चांगले असताना करा. माझ्यासारखा माणूस तो फोन लावतो.

शिल्पनिदेशक_मराठवाडा

कागदांची सूचना या सत्रापासूनच अमलात आणता येईल. माजी विद्यार्थिनींची यादी आमच्याकडे प्रवेशाच्या वेळच्या पत्त्यांसह आहे, पण लग्नानंतर बहुतेकींचे पत्ते आणि फोन बदललेले असतात. तरी वायरमनच्या पहिल्या दोन तुकड्यांतील मुलींपासून शोध सुरू करतो. ज्या आज कंपनीत आहेत त्यांनी निदान भरतीची बातमी तरी मुलींच्या गटावर टाकावी, एवढी विनंती त्यांना करता येईल. चाकण_एचआर यांना एक प्रश्न आहे: ठेकेदाराकडे हेल्पर म्हणून नोंद झालेल्या मुलाची संस्थेने कौशल्य चाचणी घेऊन निकाल लिहून दिला, तर त्या कागदाला तुमच्याकडे काही वजन असेल का?

चाकण_एचआर

असेल. मात्र चाचणी कोणत्या यंत्रावर घेतली, कोणता नग किती अचूकतेने आणि किती वेळात केला, हे त्यात लिहा. नुसते "उत्तम" लिहिलेली पत्रे आमच्याकडे ढिगाने येतात.